तोड्यापासून काडतुसापर्यंत

इतिहासाचा तास चालू होता. सीताबर्डीच्या लढाईचा धडा संपला, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, भोसल्यांची फौज मोठी होती. त्यांचे अरब शिपाई शूर होते. मग ते हरले कसे?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी बंदुकीची गोष्ट ऐकली पाहिजे.

मुलांनो, या गोष्टीतील पुष्कळ शब्द तुमच्या घरचेच आहेत. उर्दूतील तोप मराठीत तोफ झाली. बंदूक, संगीन, चकमक हे शब्द तर दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्याला मराठीत गोलंदाज म्हणतात. पूर्वी गोलंदाज म्हणजे तोफेचे गोळे डागणारा! एक शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. बारुदीला मराठीत दारू असेही म्हणतात. ‘दारूगोळा’ या शब्दातील दारू ती हीच. सोरा, गंधक आणि कोळसा यांची पूड मिसळून ती तयार करीत.

आधी तोड्याची बंदूक आली. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. तिचे एक टोक धुमसत ठेवीत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची व चाप ओढायचा. पेटता तोडा खाली येई, दारू पेटे आणि बार होई. २१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर बाबराने अशा बंदुका व तोफा वापरल्या. एकमेकींना बांधलेल्या गाड्यांच्या आडून त्याच्या माणसांनी मारा केला. इब्राहीम लोदीची फौज मोठी होती, तिच्यात हत्ती होते. तरी ती हरली. पण या बंदुकीत दोष होते. पावसात तोडा विझे. शिवाय पेटती दोरी आणि दारू जवळजवळ बाळगणे धोक्याचे होते.

पुढे चकमकीची बंदूक आली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी पडे. आता धुमसता तोडा नको, म्हणून शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. टोकाला संगीन लावली की तीच बंदूक भाल्याचेही काम करी. मात्र शंभरेक पावलांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. म्हणून सारी रांग हुकुमाबरोबर एकदम बार काढी. त्यासाठी रोज कवायत करावी लागे.

ही विद्या चांगली जाणणारा सेनानी म्हणजे इब्राहीमखान गारदी. तो फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली तयार झाला आणि पुढे मराठ्यांकडे आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. परंतु मराठ्यांच्या जड तोफा हलवणे कठीण होते. अब्दालीच्या उंटांवरील हलक्या तोफा, म्हणजे जंबुरके, हव्या तेथे जात. मराठे हरले. जखमी इब्राहीमखान शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्याने मराठ्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही.

आता सीताबर्डीकडे येऊ. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई सुरू झाली. कंपनीची फौज दीड हजाराच्या आसपास होती. अप्पासाहेब भोसल्यांची फौज तिच्या कितीतरी पट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली. पण थोड्याच वेळाने त्यांच्या बाजूला दारूगोळ्याची गाडी उडाली. गोंधळ झाला. तेवढ्यात कंपनीच्या शिपायांनी संगिनी रोखून टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. अरबांचे शौर्य कमी नव्हते. पण कंपनीजवळ एका हुकुमाने चालणारी कवायती फौज होती. आणि त्या फौजेतील बहुतेक शिपाई इंग्रज नव्हते, आपल्याच देशातले होते!

चाळीस वर्षांनी कंपनीने एनफिल्ड रायफल आणली. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या. त्यामुळे गोळी फिरत जाई आणि तिचा नेम फार लांबवर लागे. तिचे काडतूस दातांनी तोडावे लागे. त्याला गाय व डुक्कर यांची चरबी लावली आहे, अशी बातमी पसरली. हिंदू आणि मुसलमान दोघेही चिडले. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथे ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. १० मे रोजी तेथे उठाव झाला. जूनमध्ये नागपूरच्या घोडदळानेही बेत केला, पण तो फसला. ज्या शिपायांच्या बळावर कंपनीने राज्य मिळवले, तेच तिच्याविरुद्ध उभे राहिले.

१८७८ साली सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. लोकांच्या हाती हत्यार उरले नाही. पण डिसेंबर १९२० मध्ये याच नागपुरात काँग्रेसच्या अधिवेशनाने गांधीजींचा असहकाराचा कार्यक्रम मान्य केला. सरकारचे हुकूम पाळणारे हातच थांबले तर बंदुकीचा काय उपयोग, हा त्यातला विचार होता.

महालात जाल तेव्हा तेथील जुना दरवाजा पाहा. डिसेंबर १८१७ मध्ये कंपनीच्या तोफांसमोर अरबांनी तो लढवला होता. त्या वेळी त्याचे नाव जुम्मा दरवाजा होते. आज त्याला गांधी गेट म्हणतात.

शब्दार्थ
ठासणे – दाबून भरणे
चाप – बंदूक उडवण्याची कळ
बार – बंदूक उडण्याचा आवाज
बेत – आधी ठरवलेली योजना

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तोडा म्हणजे काय?
(आ) जंबुरके कशावर बसवलेली असत?
२. कारणे लिहा.
(अ) चकमकीच्या बंदुकीसाठी कवायत आवश्यक होती.
(आ) सीताबर्डीला अरबांनी जिंकलेली टेकडी गमावली.
३. या पाठातील उर्दू व मराठीत सारखे असणारे पाच शब्द शोधून वाक्यांत वापरा.