कॉलेजात चालतो, गावी का अडतो?

प्रश्न : कॉलेजच्या नव्या संगणकावर कंपाइल केलेला ‘सी’ प्रोग्राम घरच्या जुन्या लॅपटॉपवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ दाखवून बंद पडतो. जीसीसीला ‘-ओ३ -मार्च=नेटिव्ह’ दिलं होतं. काय करू?
— एक विद्यार्थी, पोशेरा (ता. मोखाडा)

उत्तर : लॅपटॉप बिघडलेला नाही, काळजी नसावी. ‘नेटिव्ह’ दिलं की जीसीसी त्याच संगणकाच्या प्रोसेसरला धरून कोड तयार करतो. उदाहरणार्थ, एव्हीएक्स-२ हा सूचनासंच इंटेलमध्ये २०१३ साली आला. त्याआधीच्या प्रोसेसरला त्या सूचना कळतच नाहीत. ‘-ओ२ -मार्च=एक्स८६-६४’ द्या आणि जुन्या ऑब्जेक्ट फायली पुसून सगळं पुन्हा कंपाइल करा. ‘-ओ३’ने फाइल बहुधा फुगते, वेग वाढेलच असं नाही, दोन्ही मोजून पाहा. चुका शोधताना ‘-ओजी -जी -वॉल’ ठेवा आणि प्रत्येक इशारा नीट वाचा. ही सवय आत्ताच लागली, तर पुढे फार उपयोगी पडेल.