गोळे वाढवून दळण वाढत नाही

प्रश्न : आमच्या लोहखनिज प्रकल्पात बॉल मिलमध्ये गोळे वाढवले. उत्पादन तेवढेच राहिले, विजेचे बिल मात्र वाढले. नवी मिल घ्यावी का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : घाई करू नका, आहे त्याच मिलमधून बहुधा काम भागेल. गोळ्यांनी मिलची साधारण ३० ते ४० टक्के जागा व्यापावी. ज्या वेगाला गोळे भिंतीला चिकटून फिरतात, त्याच्या ६५ ते ८० टक्के वेग पुरे. गोव्याचे खनिज बरेचसे भुसभुशीत असते. ते आधी धुऊन-चाळून घ्या आणि फक्त जाड भाग दळा. दळलेला बारीक माल हायड्रोसायक्लोनने लगेच वेगळा करा. अति दळल्यास लोह गाळाबरोबर वाहून जाते. लायनरची झीजही तपासा, पण वीज तोडून स्विचला कुलूप लावल्याशिवाय मिलमध्ये कुणालाही उतरू देऊ नका.