गुलकंद-पिस्त्याच्या पावाचे कानमंत्र

अगं पोरी, गुलकंद-पिस्त्याचा पाव घरी करणार म्हणतेस, फार छान! प्रमाण सोपं आहे: मैदा ३०० ग्रॅम, दूध १९० मिली, साखर दोन मोठे चमचे, लोणी ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ पाऊण चहाचा चमचा, आत भरायला गुलकंद १०० ग्रॅम आणि बिनमिठाचे पिस्ते ५० ग्रॅम. हे सगळ्यांनाच जमतं. घोळ होतो तो बारीकसारीक सवयींत, म्हणून आत्याचं जरा ऐक.

१. दूध कोमटच घे. करंगळी बुडवली तर ऊब लागावी, चटका नको — ६० अंशांच्या वर यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहा, पीठ ढिम्म हलत नाही.

२. मीठ आणि यीस्ट परातीच्या दोन कडांना टाक — मीठ थेट अंगावर पडलं की यीस्ट मंदावतं.

३. आधी दहा मिनिटं नुसतं मळ आणि मगच लोणी थोडं थोडं मुरव — सुरुवातीलाच लोणी घातलं तर पिठाला ताण यायला फार वेळ लागतो. हाताला चिकटतंय म्हणून तू वरून मैदा भुरभुरवत बसशील, ओळखते मी तुला! तसं करू नकोस, मळत राहा. सुपारीएवढा गोळा घेऊन हलक्या हाताने ताण; न फाटता पातळ पापुद्रा झाला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला, की पीठ तयार.

४. घड्याळाला विचारू नये, पिठाला विचारावं — मे महिन्यात जे पाऊण तासात दुप्पट होतं, त्याला डिसेंबरात दोन तासही लागतात. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवून शेजारी पीठ ठेव.

५. पिस्ता आधी चावून बघ — एकच खवट निघाला तरी सगळ्या पावाची चव जाते. उरलेले फ्रिजमध्ये ठेव.

६. पिस्ते भरड कुटून गुलकंदात कालव आणि दहा मिनिटं तसंच राहू दे — गुलकंदाचा पाक ते शोषून घेतात, नाहीतर तो ओघळून तळाशी करपतो आणि कडवटपणा पार वरपर्यंत चढतो. लाटलेल्या पोळीच्या कडा बोटभर कोऱ्या सोड, घट्ट गुंडाळी कर, सांधा नीट चिमटून बंद कर. साच्यात ठेवून पुन्हा फुगू दे. बोट टेकवल्यावर खळगा सावकाश भरून आला, की भाजायला घे.

७. सजावटीला फुलवाल्याकडच्या पाकळ्या नकोत — त्या गुलाबांवर औषधं फवारलेली असतात. खाण्यासाठी म्हणून विकतात त्याच सुक्या पाकळ्या आण.

८. १८० अंशांवर अर्धा तास भाज, पण पंधरा मिनिटांनी वर फॉइल झाक — दूध-साखरेचा पाव वरून लवकर लाल होतो, आत मात्र कच्चा असतो.

९. आता सगळ्यात महत्त्वाचं. गुलाब शेवटी, घमघमाट घरभर! गुलाबजल पिठात ओतू नकोस — भाजताना त्याचा बराचसा वास उडून जातो. दोन चमचे साखरेचा पातळ पाक कर, तो कोमट झाला की त्यात चमचाभर खाण्याचं गुलाबजल घाल आणि पाव बाहेर काढल्यावर ब्रशने वर लाव. पाकळ्या आणि पिस्त्याचे काप त्या ओल्या पाकावरच भुरभुरव — सुकल्यावर टाकलेले चिकटत नाहीत.

१०. जाळीवर तासभर निवू दे — गरम कापलास तर आतला लगदा सुरीला चिकटतो आणि भाजला नाही असं वाटून तू उगीच हिरमुसशील.

उरला तर दुसऱ्या दिवशी काप तव्यावर तुपात परतून घे. आणि पहिला पाव जरा वाकडा आला तरी एक काप मला आणून दे.