कोबीला दोष देऊन थांबू नका

मेंदूत जंताची गाठ निघाली म्हटलं की सगळे कोबीवर खापर फोडतात. माझ्या मुलाला नववीत फिट आली आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली, तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. सासूबाईंनी कोबी घरात आणणंच बंद केलं. पण कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. हा डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी. मांस अर्धकच्चं खाल्लं तर तो माणसाच्या आतड्यात वाढतो आणि शौचातून त्याची अंडी पडत राहतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. म्हणून तर आमच्यासारख्या शाकाहारी घरातही हा आजार शिरला.

ज्याच्या पोटात जंत असतो त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही. त्याला शोधलं तर बऱ्याचदा औषधाच्या एका मात्रेवर काम भागतं. पण शोधणार कोण? आम्ही घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करून घेतली, कुणातच काही निघालं नाही. म्हणजे अंडी बहुधा बाहेरून आली होती. खाणावळीत, शाळेच्या कँटीनमध्ये जाऊन 'तुमच्या माणसांची तपासणी करा' असं सांगायचा अधिकार एका आईला नसतो. न्यूयॉर्कमध्ये डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या ज्यू कुटुंबांत हा आजार निघाला, तेव्हा घरकाम करणाऱ्यांचीही तपासणी झाली आणि त्यांच्यातल्या एकाच्या पोटात फीतकृमी सापडला. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आमच्या गल्लीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की दुसऱ्या दिवशी माणसं येऊन पिंपं उपडी करून जातात. माझ्या मुलासाठी कुणी आलं नाही, कारण कुणाला कळवायचं बंधनच नव्हतं. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'फिट्स' लिहिलं होतं.

तुमच्या घरी असं झालं तर कार्डावर 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' हे पूर्ण निदान लिहून मागा. शौचाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी द्या, एकाच नमुन्यात अंडी दिसतीलच असं नाही. आणि हे विशेष जपा: मेंदूत गाठ असताना जंताच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. गाठीभोवती सूज वाढून फिट बळावते, म्हणून डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात. फिटची औषधंही त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. फिट आलीच तर कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, चमचा, काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

आपल्याच देशाने नारू घरोघर शोधून संपवला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला. क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. न्यूरोसिस्टिसर्कोसिसची नोंद जगभर सक्तीची करावी, असा प्रस्ताव तज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली मांडला. आपल्याकडे देशपातळीवर ती सक्ती अजून नाही. म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आपल्या आमदारांना पत्र लिहा. रुग्णाचं वय, गाव, निदानाची तारीख घाला, एमआरआयच्या अहवालाची प्रत जोडा. मागणी एकच करा: प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी आणि नोंद झाली की त्याच्या घरी, तो जेवतो तिथे, जंताचा शोध घेतला जावा.