जोडण्याआधी उघडून बघ

पोरी, आपल्या देऊळघाटच्या शेतकऱ्यांची यादी तू सातबारा, बँक आणि आधारच्या याद्यांशी जोडायला घेतलीस, ऐकून बरं वाटलं. तुझी बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत, म्हणूनच थोडं थांबून ऐक. या सगळ्या चुका मी करून बसलोय, तुझ्या वाट्याला त्या नकोत.

१. रकान्याचा मथळा वाचलास की खालच्या शंभर ओळीही वाच — बरणीवर हळद लिहिलं म्हणून आत तिखट निघायचं राहत नाही.

२. ‘खाते क्रमांक’ दिसला की विचार, कुठलं खातं? — आठ-अ वरचं खातं जमिनीचं, पासबुकावरचं बँकेचं. नाव एक, घरं दोन.

३. गाव-जिल्हा नावावरून जोडू नकोस, कोडावरून जोड — देऊळघाट-देउळघाट, बुलढाणा-बुलडाणा आपल्याला एकच, यंत्राला वेगवेगळे.

४. कोड कुठल्या सालचा तेही बघ — २००१च्या जनगणनेत आपला जिल्हा ०४ होता, २०११मध्ये ५०० झाला. शेजारच्या अकोल्यातून तर १ जुलै १९९८ला वाशीमच वेगळा निघाला.

५. गट, खातं, कोड हे सगळं ‘मजकूर’ म्हणूनच ठेव — नाहीतर एक्सेल १२/१ गटाची तारीख करतं, ०४मधलं शून्य गिळतं आणि पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं.

६. क्षेत्राचं एकक विचारल्याशिवाय बेरीज करू नकोस — सातबाऱ्यावरचं १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर. आजोबांच्या वहीतलं १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे. एकराला गुंठे ४०, म्हणून ते दीडच एकर.

७. ‘वर्ष’ लिहिलं असेल तर सुरुवात कधी ते बघ — महसुली वर्ष १ ऑगस्टला लागतं, आर्थिक वर्ष १ एप्रिलला.

८. नाव जुळलं नाही म्हणून माणूस खोटा धरू नकोस — एका कागदावर बाईचं माहेरचं नाव असतं, दुसऱ्यावर सासरचं; कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी.

९. जन्मतारीख जुळली म्हणून माणूस जुळला असंही समजू नकोस — शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून घरोघरी सापडेल.

१०. रिकाम्या चौकटीत शून्य भरू नकोस — निरंक म्हणजे नाही, रिकामं म्हणजे विचारलंच नाही.

११. जोडण्याआधी ओळी मोज, जोडल्यावर पुन्हा मोज — सामाईक खात्यावर तिघं असले की एका ओळीच्या तीन होतात. मोजून बांधलेली मोळी वाटेत सुटत नाही.

१२. न जुळलेल्यांची वेगळी यादी कर आणि ती घेऊन त्यांच्या दारात जा — महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही २०२० साली आधी याद्या लावल्या, शेतकऱ्यानं आधार देऊन रक्कम पाहिली, मगच पैसे निघाले. ज्याची माहिती, त्याच्या डोळ्याखालून जाऊ दे.

पोरी, न जुळलेली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी बी-बियाणं अडकलेलं असतं. आज एक तास जास्त बस. पेरणीच्या तोंडावर कुणाला बुलढाण्याला हेलपाटे घालायला लावू नकोस.