टेकाडावरची जागा

चि. सानिका हिस,



नाशिकच्या रॅलीचे फोटो काढायला निघालीस आणि त्यासाठी ५५-२५० मिलिमीटरची लेन्सही मिळवलीस, हे वाचून आनंद झाला. पण 'जमेल तितकं जवळ जाऊन काढणार' हे तुझं वाक्य मनात राहिलं, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं थोडक्यात असं की, रॅलीचा फोटो निम्मा ठरतो तो उभं राहायची जागा निवडताना. आणि जी जागा सुरक्षित, तीच बहुतेक वेळा चांगल्या फोटोचीही असते. जिवाची काळजी आणि कलेची ओढ यांत भांडण आहे असं समजू नकोस.

आधी साधा हिशेब मांडू. ताशी ७२ किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. तू रस्त्यापासून ५ मीटरवर असलीस, तर गाडी अगदी समोरून जाताना तिच्या वेगाबरोबर राहायला कॅमेरा सेकंदाला जवळजवळ २३० अंशांच्या गतीने वळवावा लागेल. ते कोणाच्याही हाताला जमायचं नाही. तू ३० मीटरवर असलीस, तर हीच गती ३८ अंशांवर येते आणि कमरेतून सावकाश वळत गाडीचा माग घेता येतो. म्हणजे ज्या पॅनिंगने गाडी स्पष्ट आणि मागची झाडं ओढल्यासारखी दिसतात, ते लांबूनच साधतं. शटर १/१००० ठेवलंस, तर तेवढ्या वेळात गाडी फक्त दोन सेंटिमीटर सरकते; चाकं गोठतात आणि गाडी उभी केल्यासारखी वाटते. १/१२५ वर ती सोळा सेंटिमीटर सरकते, आणि वेग तिथे दिसू लागतो. सुरुवातीचे पुष्कळ फोटो हलतील, ते हलू देत.

तू म्हणशील, लांबून गाडी मुंगीएवढी दिसेल. तसं होत नाही. तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर १३५ मिलिमीटरला, ३० मीटर अंतरावरची साधारण ५ मीटर रुंदी चौकटीत मावते. रॅलीची गाडी चार मीटरच्या आसपास लांब. चौकट भरली! ५० मीटरवर गेलीस तरी २०० मिलिमीटरला गाडी पुरेशी मोठी येते. उलट मोबाइलच्या वाइड कॅमेऱ्यात येणारी गाडी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी लांब भासते. माणूस पडद्याकडे बघत उभा राहतो आणि गाडी त्याच्यापाशी येऊन पोचलेली असते.

दुसरी गोष्ट रॅलीच्या स्वभावाची. सर्किटवरच्या शर्यतीसारख्या इथे गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. त्या ठरावीक अंतराने एकेक सुटतात आणि झुंज घड्याळाशी चालते. खरा प्रतिस्पर्धी रस्ता असतो: मुरूम, उतार, पुढे काय आहे ते न दिसणारं वळण. म्हणून तर शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदी, वाचत असतो. रस्ता दिसला नाही, तर तो रॅलीचा फोटो नव्हे, नुसता गाडीचा फोटो. आणि रस्ता दिसतो टेकाडावरून. वरून वळणाचा पूर्ण विळखा, मागे लोंबणारा धुरळा, बाजूचं शेत, पलीकडचा डोंगर, सगळं एका चौकटीत येतं. वारा पाठीवर घे, म्हणजे धूळ तुझ्याकडे न येता पलीकडे जाईल. आणि सकाळी ऊन धुरळ्याच्या मागून येईल अशी बाजू शोध. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मात्र कधीच थांबू नकोस, कारण ताबा सुटलेली गाडी तिकडेच जाते. रस्त्याच्या पातळीखालीही नको. लाल-पांढरी पट्टी गाडी अडवत नाही, ती फक्त हद्द सांगते.

'पण वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर तर जवळ असतात' हा आक्षेप खरा आहे. पण त्यांना आयोजकांची परवानगी असते, सूचना मिळालेल्या असतात आणि कुठे थांबायचं ते ठरवून दिलेलं असतं. आपण प्रेक्षक. प्रेक्षकांची गर्दी रस्त्यावर आली की काय होतं, ते १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीने दाखवलं. तिथे लोक रस्त्यातच उभे राहत आणि गाडी आली की ऐनवेळी बाजूला होत. एक गाडी त्या गर्दीत घुसली, तिघे गेले, तिसाहून अधिक जखमी झाले आणि मोठ्या संघांच्या चालकांनी पुढे गाडी चालवायला नकार दिला. आपल्याकडेही २०१९ साली राजस्थानात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅलीत, बंद केलेल्या मार्गावर मोटरसायकल आली आणि तिघांचा जीव गेला.

या दुसऱ्या घटनेत आपल्यासाठी मोठा धडा आहे. स्टेजचा, म्हणजे रॅलीसाठी बंद केलेल्या टप्प्याचा, रस्ता एरवी गावाचा रोजचा रस्ता असतो. शेतावर जाण्याचा, दूध नेण्याचा. तो आज बंद आहे हे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं नसतं. अशा ठिकाणी कॅमेरा घेतलेली माणसं लोकांना जाणकार वाटतात. तू दोन पावलं पुढे सरकलीस, तर तुझ्यामागची पोरं चार पावलं सरकतील. तू बांधावर थांबलीस, तर तीही थांबतील. कोणाच्या शेतातून जायचं असेल तर आधी विचार, आणि उभं पीक तुडवू नकोस.

रस्ता बंद होण्याच्या बरंच आधी पोच. मार्गावरचा मार्शल (आयोजकांचा माणूस) सांगेल ते निमूट ऐक. पहिल्या दोन-तीन गाड्या कॅमेरा न उचलता नुसत्या बघ. त्या कुठे ब्रेक मारतात, कुठे घसरतात, धूळ कुठे जाते, हे कळलं की चौकट आपोआप सुचेल. मग टेकाडावरून, निश्चिंत मनाने, शेवटची गाडी जाईपर्यंत काढत राहा. भीती नसलेला हात स्थिर राहतो, आणि फोटोला तोच हात लागतो.

तुझा,
मामा