थोडके औषध, नेमके ठिकाण : कर्करोगावरील प्रतिकारोपचार आणि अब्जांश तंत्रज्ञान

सुरत शहराची ओळख धाग्याशी निगडित आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे स्थायिक झाली असून त्यांपैकी अनेकांचा चरितार्थ यंत्रमागावर व कापडाच्या कारखान्यांवर चालतो. धाग्याच्या बारीकपणावर कापडाचा पोत ठरतो, हे या कामगारांना वेगळे सांगावे लागत नाही. आज वैद्यकशास्त्रातही अशाच बारीकपणाचा शोध सुरू आहे. श्रमिकांच्या वस्तीत तंबाखू व गुटख्याच्या वाटेने शिरणाऱ्या कर्करोगाशी या शोधाचा निकटचा संबंध आहे.

प्रतिकारोपचार म्हणजे काय?

शस्त्रक्रिया, किरणोपचार व रासायनिक औषधे हे कर्करोगावरील परिचित उपाय होत. प्रतिकारोपचाराची रीत निराळी आहे. यात रोग्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध उभे केले जाते. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. त्यांनी अतिरेक करू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगामही घातलेले आहेत. कर्कपेशी नेमका हाच लगाम ओढून पहारेकऱ्यांना थोपवून धरतात. हा लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करता येतो, हा मार्ग दाखविणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन व जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तथापि या उपचारात तीन अडचणी आहेत. औषध सर्व शरीरात पसरते, त्यामुळे मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती कधी आतडी, फुप्फुसे वा यकृत यांवरही उलटते. अनेक रोग्यांच्या गाठी त्याला दाद देत नाहीत. आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

अब्जांशाचे साहाय्य

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर किंवा अब्जांश मीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. शंभर नॅनोमीटरच्या आसपास आकाराच्या स्निग्ध कुपीत औषध भरले, तर त्याचा शरीरातील प्रवास बदलता येतो. डॉक्सोरुबिसिन या औषधाच्या अशा कुपीला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली. हृदयाला होणारा या औषधाचा अपाय त्यामुळे कमी झाला.

प्रतिकारोपचारात अशा कणांकडून दोन कामांची अपेक्षा आहे. पहिले, प्रतिकारशक्तीला चेतविणारे द्रव्य गाठीपर्यंत नेऊन शक्यतो तेथेच सोडणे. दुसरे, कर्कपेशीची ‘ओळख’ लसिका ग्रंथींत पोहोचवून तेथील पेशींना शिकविणे. कोविडच्या काही लशींत संदेशवाहक आरएनए अशाच स्निग्ध कणांतून दिले गेले. त्याच रीतीने प्रत्येक रोग्याच्या गाठीनुसार लस तयार करण्याच्या चाचण्या परदेशांत चालू आहेत.

मात्र मार्ग सोपा नाही. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा वाटा सर्वसाधारणपणे शेकडा एकाहूनही कमी होता. बाकीचे कण बव्हंशी यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. म्हणूनच यातील बहुतेक संशोधन अद्याप प्रयोगशाळेत वा चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

मुंबईतील प्रयत्न

सुरतेहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या मुंबईत या क्षेत्रात महत्त्वाचे कार्य झाले आहे. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध झाला. यात रोग्याच्या टी पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून, त्या परत शरीरात सोडतात. या उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. हा उपचार रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांपुरताच आहे.

अशा उपचारांसाठी टी पेशी शरीराबाहेर वाढवाव्या लागतात. पवईच्या प्रा. प्रकृती तयालिया यांच्या गटाने विद्युत्दाबाच्या साहाय्याने ओढलेल्या अतिबारीक तंतूंच्या जाळीवर टी पेशी वाढविल्या. पेशी जाळीत घट्ट रुतून बसत. सौम्य विकर वापरल्यास त्या अधिक संख्येने जिवंत बाहेर काढता येतात, असे या गटाला आढळले. सुरतेच्या विणकराला हे बारकावे अपरिचित वाटू नयेत.

टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दुसराही मार्ग चोखाळला. डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या रोग्यांना त्यांनी तोंडावाटे घ्यायच्या औषधांबरोबर निव्होलुमॅब हे प्रतिकारौषध केवळ २० मिलिग्रॅम इतक्या मात्रेत दिले. प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅम आहे. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ पर्यंत वाढले. यात अब्जांश कण नव्हते. परंतु थोड्या औषधात अधिक गुण, हे ध्येय दोन्ही मार्गांचे एकच आहे.

आज हाती काय आहे?

अब्जांश आकाराचे कण आजही कर्करोग टाळण्यास साहाय्य करीत आहेत. नवजात अर्भकाला दिल्या जाणाऱ्या ‘हिपॅटायटिस-बी’ लशीतील कण सुमारे २२ नॅनोमीटरचे असतात. ही लस यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण दूर करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लसही विषाणूसदृश सूक्ष्म कणांचीच असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणून ‘नॅनो’ या शब्दाची जाहिरात करून हमखास गुण देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून नागरिकांनी सावध राहावे. तंबाखूचा त्याग करावा. तोंडातील व्रण वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांनी शासकीय आरोग्य केंद्रातील तपासणीचा लाभ घ्यावा. शिक्षकांनी शाळेत व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत ही माहिती सांगितल्यास ती घरोघरी पोहोचेल. उद्याचे औषध कितीही सूक्ष्म झाले, तरी रोगी वेळेवर दवाखान्यात आला तरच त्याचा पूर्ण उपयोग होईल.